आर्च डॅमच्या मॉडेलमध्ये नुसत्या वजनानेच टेन्शन येतंय, जॉइंटचा काही संबंध आहे का?

शहापूर_एमटेक

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांब आहे, सांभाळून घ्या. बेळगावातच एमटेक करतोय, स्ट्रक्चर्समध्ये, आणि प्रोजेक्टला काँक्रीटचं आर्च डॅम, म्हणजे कमानी धरण, घेतलंय. घरचेसुद्धा विचारतात की राकसकोप आहे, हिडकल आहे, नवीलतीर्थ आहे, एवढी जवळची धरणं सोडून जे आपल्या भागात नाहीच ते कशाला घेतलंस, पण घेतलं आता. भारतात मोठं म्हणावं असं आर्च डॅम केरळचं इडुक्की, १६९ मीटरचं, पण त्याची ड्रॉइंग हातात नाहीत म्हणून पुस्तकी व्ही आकाराची दरी धरून भूमिती मीच ठरवली. उंची ११० मीटर, माथ्याला जाडी ६, तळाला २४, माथ्याची लांबी ३०० च्या आसपास, आडवं-उभं दोन्हीकडून वक्र.

अडचण अशी की पाणी अजून घातलेलंच नाही, नुसतं सेल्फ वेट लावलं तरी माथ्याजवळ दोन्ही काठांना आडव्या दिशेत दीड-दोन एमपीए (मेगापास्कल) टेन्शन, म्हणजे ओढ, दाखवतंय. तिथे वर भार तरी कसला आहे? मग तापमान घातलं, सिमेंटची उष्णता धरून काँक्रीट ४४ डिग्रीला गेलं आणि नंतर २४ ला आलं असं, म्हणजे २० चा ड्रॉप, तर टेन्शन चारच्या वर गेलं आणि सगळ्या माथ्यावर लालच लाल. पाणी भरलं की माथ्यावरचं बरंचसं जातं पण मग तळाला पाण्याच्या बाजूला, हीलपाशी, नवीन टेन्शन उगवतं.

गाईड म्हणाले जाडी वाढवून बघ. वाढवली, सेल्फ वेटचा आकडा ढिम्म हलला नाही. रूमवरचा मित्र म्हणतो खऱ्या धरणात दर १५ मीटरला उभे जॉइंट असतात ते तू घातलेच नाहीस, आणि दुसरा म्हणतो ते नंतर ग्राउट करून, म्हणजे पातळ सिमेंट भरून, बंदच करतात मग घातले काय न घातले काय. कोणाचं खरं? आणि जॉइंट किती, कुठे, कसे यावर स्ट्रेस खरंच एवढा बदलतो का? पुढच्या आठवड्यात रिव्ह्यू आहे, सॉफ्टवेअरची बटणं नकोत, नेमकं काय होतं ते कोणी सांगेल का.

चिकोडीचे_काका

बाळ, मी पाटबंधारे खात्यातला निवृत्त माणूस, आर्च डॅम हाताखालून गेलेलं नाही, पण दगडी आणि काँक्रीटची गुरुत्व धरणं बघितलीत म्हणून तेवढ्यापुरतं सांगतो. आमच्या धरणात काँट्रॅक्शन जॉइंट हा मुद्दाम सुटा ठेवायचा. एकेक ब्लॉक, आम्ही मोनोलिथ म्हणायचो, तो आपलं पाणी आपल्या वजनावर पेलतो, शेजाऱ्याला काही मागत नाही. जॉइंटमध्ये पाण्याच्या बाजूला तांब्याची पट्टी, नाहीतर आता पीव्हीसीची, तिच्यामागे ड्रेनचं भोक, झालं. ग्राउट वगैरे बहुतेक ठिकाणी नाहीच.

कोयनेचं उदाहरण घे. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे भूकंप झाला तेव्हा मी पोरगा होतो, आमच्याकडेसुद्धा भांडी वाजली होती. १०३ मीटरचं धरण, ब्लॉक एकेकटे हलले, आणि तडे कुठे गेले तर जिथे मागचा उतार एकदम बदलतो तिथे, आडवे, उंच ब्लॉकमध्ये. उभ्या जॉइंटनी शेजारच्याला ओढलं नाही. नंतर मागून आधार देऊन ते मजबूत केलं.

आर्च डॅममध्ये मात्र पाण्याचा जोर कमानीतून दोन्ही डोंगरात जायला हवा, मग जॉइंट सुटे ठेवून चालेल कसं? म्हणून ग्राउट करतात. ग्राउट केलं की ते एकसंध झालं. तेव्हा तुझ्या दुसऱ्या मित्राचं बरोबर, असं माझं मत.

टिळकवाडी_ते_पुणे

काका, तुमचं गुरुत्व धरणाचं सगळं पटलं पण शेवटच्या ओळीवर भांडणार आहे, रागावू नका 🙂

शहापूर, तुझ्या तीन टेन्शनपैकी दोन अशा धरणातली आहेत जे कधी उभंच राहिलं नव्हतं. मी पुण्यात हेच काम करते, नवीन पोरं आली की पहिला प्लॉट बहुतेक असाच येतो.

आधी सेल्फ वेट. तू काय केलंस, ३०० मीटर लांब आणि ११० मीटर उंच अख्खं धरण हवेत एकसंध तयार केलंस आणि मग एका क्षणी गुरुत्वाकर्षणाचं बटण दाबलंस. मधला भाग ११० मीटर उंच म्हणून तो स्वतःच्या वजनाने जास्त दबतो, काठाकडचा भाग वीस-तीस मीटरच उंच म्हणून कमी दबतो. सगळं चिकटलेलं असल्यामुळे मधला भाग खाली जाताना माथ्याला ओढत नेतो आणि माथा काठांना लटकतो, दोन खांबांना बांधलेल्या कपडे वाळवायच्या दोरीसारखा. तेच तुझं दीड-दोन एमपीए. जाडी वाढवून ते का हललं नाही हेही लक्षात येईल, जाडी वाढली तसं वजनही वाढलं.

खऱ्या धरणात असं होतच नाही. तिथे साधारण १५ मीटर रुंदीचे ब्लॉक, तुझ्या लांबीत वीसेक होतील, प्रत्येक ब्लॉक दीड-दोन-तीन मीटरच्या लिफ्टने, म्हणजे थराथराने, वर चढतो आणि तोपर्यंत मधले उभे जॉइंट उघडे असतात. म्हणजे प्रत्येक ब्लॉक आपलं वजन थेट खाली आपल्या पायाला देतो, कमानीचा त्यात काहीच हिस्सा नाही. ग्राउट होईपर्यंत वजनाचा स्ट्रेस ठरून बसलेला असतो. नंतर ग्राउट केलं म्हणून तो परत वाटला जात नाही. तुझ्या दुसऱ्या मित्राचं चुकतं ते इथे, की जॉइंट शेवटी बंद झाला हे खरं, पण कधी झाला यावर सगळं आहे.

मॉडेलमध्ये करायची जुनी आणि सोपी युक्ती: मेश (मॉडेलची जाळी) अशी पाड की एलिमेंटच्या, म्हणजे जाळीच्या तुकड्यांच्या, कडा जॉइंटवर येतील. मग एकाआड एक ब्लॉक घे, समज १, ३, ५ असे, त्यांना खरा मॉड्युलस (काँक्रीटचा ताठपणा) आणि वजन, बाकीच्यांना वजन शून्य आणि मॉड्युलस जवळजवळ शून्य. रन कर. मग उलट, २, ४, ६ ला खरा आणि बाकीच्यांना शून्य. दोन्हींचे स्ट्रेस एकत्र केलेस की वजनाची केस तयार. पाणी आणि तापमान मात्र पूर्ण मॉडेलवर लावून त्यात मिळवायचं. सॉफ्टवेअरमध्ये टप्प्याटप्प्याने एलिमेंट जिवंत करायची सोय असेल तर आणखी चांगलं, पण रिव्ह्यूच्या आधी ही दोन रनची पद्धत पुरे.

याचा दुसरा फायदा लोक विसरतात. दुहेरी वक्र धरणाचा मधला ब्लॉक पोटाशी पाण्याच्या बाजूला फुगलेला असतो, त्यामुळे तो सुटा उभा असताना वजनाचा मध्य पायाच्या पुढे, पाण्याकडे सरकतो आणि हीलवर कॉम्प्रेशन, म्हणजे दाब, जास्त येतं. पुढे तलाव भरला की हील उचलायला बघतं, तेव्हा हेच कॉम्प्रेशन आधी खर्च व्हावं लागतं. तू एकसंध मॉडेलमध्ये वजनाचा एक भाग कमानीतून काठाला पळवलास, म्हणजे हीलचं राखीव कॉम्प्रेशन कमी केलंस, म्हणून तुझं पाण्याच्या केसचं टेन्शनही फुगलेलं आहे. ते पूर्ण जाणार नाही, पण कमी होईल. अर्थात याची उलट बाजू अशी की सुटा ब्लॉक खूप वर नेला तर मागच्या बाजूला, टोला, टेन्शन येतं, म्हणून ग्राउट न करता ब्लॉक किती उंच जाऊ द्यायचा यावर मर्यादा घालतात.

तापमानाचं वेगळं लिहिते, आता मीटिंग आहे.

कणकुंबीचा_वाघ

आधी म्हादईचं पाणी मलप्रभेत आणा म्हणावं, मग त्याला कमान घाला नाहीतर तोरण बांधा 😄

चिकोडीचे_काका

वाघोबा, तो धागा वेगळा आहे, तिकडे आधीच पुष्कळ भांडणं चाललीत.

टिळकवाडी_ते_पुणे

आले परत. तापमान.

काँक्रीट गरम असतानाच धरण एकसंध होतं असं तू धरलंस. तसं खरंच केलं तर काय होईल ते तुझ्या प्लॉटनेच दाखवलंय. हिशोब सोपा आहे, प्रसरणाचा गुणांक एका डिग्रीला एक लाखात एक, २० डिग्री, मॉड्युलस २५ हजार एमपीए, सगळं गुणलं की पूर्ण जखडलेल्या काँक्रीटमध्ये ५ एमपीए. काँक्रीट ओढीला दोन-तीनच्या वर काही टिकत नाही. क्रीपमुळे, म्हणजे भाराखाली काँक्रीट हळूहळू सैलावतं त्यामुळे, प्रत्यक्षात मॉड्युलस कमी धरतात, पंधरा हजार म्हण, तरी ३ येतात. म्हणजे तडा जाणारच, प्रश्न एवढाच की तो आपण सांगू तिथे जाईल की त्याला वाटेल तिथे. जॉइंट म्हणजे आपण सांगितलेली जागा.

आता तेच २० डिग्री जॉइंट उघडे असताना उतरू दे. १५ मीटरचा ब्लॉक ३ मिलिमीटर आखडतो, आडवा स्ट्रेस जवळजवळ काही नाही, फक्त पायाच्या खडकालगत थोडा राहतो कारण खडक त्याला आखडू देत नाही. दोन ब्लॉकच्या मधे ३ मिलिमीटरची फट पडली, ती सिमेंटच्या ग्राउटने भरायची. भरलं त्या दिवशी काँक्रीटचं जे तापमान ते क्लोजर टेम्परेचर. तुझ्या मॉडेलचं शून्य तिथे आहे, ओततानाच्या तापमानाला नाही. समजा २२ ला बंद केलं आणि थंडीत माथ्याचं सरासरी तापमान १९-२० ला आलं, तर तुझा ड्रॉप दोन-तीन डिग्रीचा. तळाला २४ मीटर जाडीला तर ऋतू कळतसुद्धा नाही फारसा. आपल्याकडे जानेवारीच्या पहाटे १४ आणि एप्रिलच्या दुपारी ३६ असलं तरी ते हवेचं तापमान, ६ मीटर काँक्रीटच्या पोटात त्याचा थोडाच भाग पोचतो.

म्हणून तर काँक्रीटमध्ये पाण्याचे पाइप घालून ते मुद्दाम थंड करतात. अमेरिकेत हूव्हर डॅमला १९३० च्या दशकात साधारण इंचभर व्यासाचे पाइप काँक्रीटच्या पोटात घातले, एकूण ९०० किलोमीटरच्या वर, आधी नदीचं पाणी आणि मग यंत्राने गार केलेलं पाणी फिरवलं, आणि थंड झाल्यावर जॉइंट ग्राउट केले. तसं केलं नसतं तर एवढ्या मोठ्या काँक्रीटला आपणहून निवायला शंभरेक वर्षं लागली असती असा त्यांचा हिशोब होता.

जितकं थंड करून बंद करशील तितकं चांगलं, असं मात्र नाही. वर्षाच्या सरासरीच्या थोडं खाली बंद केलं की उन्हाळ्यात कमान फुगते, डोंगरांना रेटते, थोडं आगाऊ कॉम्प्रेशन मिळतं, इथवर छान. फारच खाली नेलंस तर उन्हाळ्यात, तलाव उतरलेला असताना, माथा पाण्याच्या बाजूला ढकलला जातो, काठावर रेटा वाढतो, आणि थंड करताना पायालगत तडे जायची भीती वेगळीच. क्लोजर टेम्परेचर म्हणजे डिझायनरच्या हातातला मोठा खटका आहे, जाडी न बदलता स्ट्रेस बदलतो. तुझ्या थिसिसमध्ये १८, २२, २६ अशा तीन केस करून बघ, गाईड खूश होतील.

खानापूर_साइट

ताई लई झ्याक सांगूलैत. मी डिग्रीवाला न्हाई, डिप्लोमा, पण डोंगरातल्या धरणाच्या साइटवर जॉइंट ग्राउटिंगच्या टीमला होतो म्हणून दोन गोष्टी सांगतो, कागदावर रेघ मारली की जॉइंट झाला असं न्हाई की.

पहिलं, फट कमीत कमी अर्धा मिलिमीटर तरी उघडायला पायजे, न्हाईतर सिमेंटचं ग्राउट आत शिरतच न्हाई, वरवर भरल्यासारखं दिसतंय आणि आत कोरडं. ब्लॉक लई लहान केले, आठ-दहा मीटरचे, तर प्रत्येक फट बारीक होत्या. लई मोठे केले, पंचवीस-तीस मीटरचे, तर जॉइंटला पोचायच्या आधी ब्लॉकच मधे तडकतोय. १५ च्या आजूबाजूला जे सगळे ठेवत्यात ते उगाच न्हाई.

दुसरं, एका वेळेला पंधराएक मीटर उंचीचा टप्पा घेत्यात. चारी बाजूनी पट्टी असत्या, पुढं पाण्याकडची वॉटरस्टॉप आणि बाकी ग्राउटस्टॉप, म्हणजे बंद डबाच. खालनं ग्राउट सोडायचं, आधी पातळ मग घट्ट, वरच्या व्हेंटमधनं घट्ट माल बाहेर याय लागला की प्रेशर धरायचं, चौरस सेंटिमीटरला साडेतीन-चार किलोच्या आसपास. आणि आजूबाजूच्या जॉइंटमध्ये त्याच वेळेला पाणी भरून ठेवायचं, का तर एकाच जॉइंटमध्ये प्रेशर दिलं तर ब्लॉक बाजूला सरकतोय. डायल गेज लावून एक माणूस नुसता बघतच बसायचा, काटा जास्त हलला की ओरडायचं, पंप बंद.

आमच्या इथं एका टप्प्यात काय झालतं, काँक्रीट ओतताना व्हायब्रेटर ग्राउटस्टॉपला लागून पट्टी दुमडली, कुणी बघितलं न्हाई. ग्राउट सोडलं तर मागच्या तोंडाला, पार खालच्या गॅलरीत, पांढरं पाणी याय लागलं, व्हेंट कोरडीच. कॉकिंग करून चिंध्या मारून बंद केलं, पाणी मारून पाइप धुतले आणि परत ग्राउट केलं, पण आत शंभर टक्के भरलं का म्हणून छातीवर हात ठेवून कोण सांगणार. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये जॉइंट एकतर उघडा नायतर बंद, साइटवर तिसरी जात बी असत्या.

चिकोडीचे_काका

खानापूरकर, नेमकं सांगितलंत. आमच्याकडे वॉटरस्टॉपच्या कडेला मुकादमाला उभा करावा लागायचा तो ह्याच कारणाने.

टिळकवाडीच्या ताई, वजनाचं आणि तापमानाचं पटलं, मागे घेतो. पण मुद्दा राहतोच की ग्राउट झाल्यानंतर पाणी भरताना तरी ते एकसंध आहे ना? मग तिथे जॉइंट वेगळा कशाला मांडायचा?

टिळकवाडी_ते_पुणे

तलाव भरलेला असताना हो, बऱ्याच अंशी. कमान दाबात असते, आणि दाबात असलेल्या जॉइंटला आपण जॉइंट आहोत हे कळतच नाही. ढोबळ हिशोब करायचा तर ५० मीटर खोलीवर पाण्याचा दाब अर्धा एमपीए, त्रिज्या १२० मीटर, जाडी १२, तर कमानीत ५ एमपीए दाब. तिथे जॉइंट मांडला न मांडला सारखंच.

पण ग्राउटचा थर ओढ घेत नाही, म्हणजे घेतो थोडी पण तिच्यावर विसंबायचं नाही. शिवाय दोन्ही बाजूंना शिअर की असतात, खाचा, त्यामुळे घसरायला अडतं, उघडायला अडत नाही. म्हणजे ही एकतर्फी वस्तू, दाब जातो आणि ओढ नाही. भूकंपात धरण पाण्याच्या दिशेने झुललं की माथ्याजवळ कमानीतला दाब संपतो आणि ओढ सुरू होते. लिनिअर मॉडेल, म्हणजे ज्यात जॉइंट उघडूच शकत नाही ते, तिथे चार-पाच एमपीए ओढ दाखवेल, आणि खऱ्या धरणात ती येणारच नाही, जॉइंट क्षणभर उघडतील आणि पुढच्या झोक्याला मिटतील. लोक इथे खूश होतात की चला, टेन्शन गेलं. गेलं कुठे? कमानीने सोडलेला भार उभ्या कँटिलिव्हरवर, म्हणजे तळाला रोवलेल्या उभ्या पट्ट्यांवर, आला, तिथे उभ्या दिशेतलं टेन्शन वाढलं, आणि आता आडव्या लिफ्ट जॉइंटवर तडा जायची शक्यता. शिवाय मिटताना कडा एकमेकींवर आपटतात, तिथे दाब वाढतो. एका दिशेचा स्ट्रेस सुटला की दुसऱ्या दिशेचा बघायचाच, हा माझा नियम.

कॅलिफोर्नियातलं पकोइमा धरण, ११३ मीटर, १९२९ चं. १९७१ च्या सॅन फर्नांडो भूकंपात डाव्या काठावर धरण आणि थ्रस्ट ब्लॉक (कमानीचा रेटा घेणारा काठावरचा काँक्रीटचा ठोकळा) यांच्यामधला जॉइंट सेंटिमीटरभर उघडला. दुरुस्त केला. १९९४ च्या नॉर्थरिजला तोच जॉइंट परत, या वेळी पाचेक सेंटिमीटर. धरण उभंच राहिलं, तलावही तेव्हा भरलेला नव्हता, पण कमानीचं एक टोक जिथे टेकतं तिथलाच जॉइंट दोनदा उघडतो म्हणजे रेटा घेणारा डोंगर हलतोय, जॉइंटला दोष देऊन काय उपयोग.

मॉडेलमध्ये वीसच्या वीस जॉइंट घालायची गरज नाही. मधे एक, चतुर्थांशांवर दोन आणि काठाजवळ दोन, असे पाच उघडझाप करणारे घातलेस की वागणूक बऱ्यापैकी कळते. कमी जॉइंट घातलेस तर प्रत्येकाची फट मोठी दिसते एवढं ध्यानात ठेव, वॉटरस्टॉप किती ताणला जाईल ते ठरवताना तो आकडा जसाच्या तसा घेऊ नकोस.

शहापूर_एमटेक

सगळ्यांचे आभार, काका, ताई, खानापूर दादा. काल रात्री दोन रनवाली पद्धत केली, माथ्याजवळचं वजनाचं टेन्शन जवळजवळ गायब. तापमान २२ पासून मोजलं, लाल पट्टा गेला. हीलचं मात्र अजून आहे, आधीपेक्षा कमी पण दीडच्या वर. गाईड म्हणाले पेरिमेट्रल जॉइंट म्हणून काही असतं, ते बघ. म्हणजे धरण आणि पाया यांच्यामध्येच जॉइंट? पाणी नाही का जाणार? आणि तळालाच सोडून दिलं तर धरण उभं कसं राहणार?

टिळकवाडी_ते_पुणे

आधी हीलच्या त्या आकड्यावर फार जीव टाकू नकोस. तिथे तुझ्या मेशला तीक्ष्ण कोपरा आहे, एलिमेंट निम्मे केलेस की आकडा आणखी वाढेल, परत निम्मे केलेस की परत वाढेल. ते टेन्शन किती खोल जातंय ते बघ, २४ पैकी एक-दीड मीटर की सहा मीटर.

पेरिमेट्रल जॉइंट ही प्रामुख्याने इटलीच्या डिझायनरांनी रुळवलेली गोष्ट. दरीच्या कडेने आधी काँक्रीटचं एक जाड खोगीर बांधतात, त्याला ते पुलव्हिनो म्हणतात, त्याचा माथा गुळगुळीत आणि शक्यतो दोन्ही बाजूंना सारखा. त्याच्यावर जॉइंट सोडून मग धरणाचं पातळ कवच. दाब आणि घसरण जाते, वाकण्याची ओढ जात नाही. त्यामुळे हीलला जखडल्यामुळे जे टेन्शन येतं ते सुटतं, शिवाय दरी वेडीवाकडी असली तरी वरचं कवच सममित ठेवता येतं, आणि खडकावर भार रुंद पसरतो. पाणी जाऊ नये म्हणून तिथे वॉटरस्टॉप दुहेरी घालतात, मागे ड्रेन. बदल्यात काय द्यावं लागतं: तळ मोकळा झाला म्हणून धरण जास्त झुकतं, कँटिलिव्हरचा वाटा कमी होऊन कमानीवर भार वाढतो, म्हणजे मधल्या उंचीवर आडवा दाब वाढलेला दिसेल. तो काँक्रीटला झेपतोय का बघ, बहुतेक झेपतो.

इटलीतलं वायोंत, २६१ मीटरचं, असं आहे आणि जॉर्जियातलं २७१ मीटरचं इंगुरीसुद्धा. वायोंतमध्ये ९ ऑक्टोबर १९६३ ला अख्खा डोंगर तलावात कोसळला, लाट धरणावरून गेली, खाली जवळजवळ दोन हजार माणसं गेली आणि धरण मात्र उभं राहिलं, माथ्याला खरचटलं तेवढंच. पेरिमेट्रल जॉइंटमुळे टिकलं असं मी म्हणणार नाही, पण पातळ कवच वाटतं तितकं नाजूक नसतं. उलटं उदाहरण ऑस्ट्रियातलं कोल्नब्राइन, २०० मीटर, दरी रुंद. १९७८ मध्ये तलाव भरताना हीलला तडे गेले, गळती वाढली, आणि शेवटी मागच्या बाजूला काँक्रीटचा प्रचंड आधार बांधावा लागला. रुंद दरीत कमान आळशी होते आणि भार खाली तळाकडे येतो, त्यातून हीलचा प्रश्न सुरू होतो.

सौंदत्ती_रोड

मी इंजिनिअर नाही, सहज विचारतो, नवीलतीर्थाची घळ तर एवढी अरुंद आहे, दोन्हीकडे सरळ कडे, मग तिथे कमान का नाही घातली? चाळीसच मीटर तर उंच आहे.

चिकोडीचे_काका

अरुंद घळ ही पहिली अट, एकमेव नव्हे. गुरुत्व धरणाला तळाचा खडक चांगला लागतो, कमानीला बाजूचे दोन्ही डोंगर लागतात, कारण सगळा रेटा तिकडे. तिकडचा खडक कठीण खरा, पण त्यात थर आणि उभ्या भेगा असतात, गोकाकच्या धबधब्याशी कड्याकडे नीट बघितलंत तर कळेल. फ्रान्समध्ये मालपासे नावाचं ६६ मीटरचं पातळ कमानी धरण २ डिसेंबर १९५९ ला फुटलं, चारशेच्या वर माणसं गेली. काँक्रीट चांगलं होतं, जॉइंट चांगले होते, डाव्या काठाचा खडक सरकला. शिवाय ज्या काळात आपल्याकडची धरणं झाली तेव्हा दगड आणि गवंडी स्वस्त होते, पाइप घालून काँक्रीट थंड करत बसायला कोण पैसे देणार.

शहापूर_एमटेक

काका, हे रिव्ह्यूला सांगतो, नक्की कोणीतरी विचारणार. अजून एकच, रोलर काँक्रीटमध्ये, म्हणजे रोलरने दाबून पसरलेल्या कोरड्या काँक्रीटमध्ये, आता आर्च डॅम करतात म्हणे, तिथे तर ब्लॉकच नसतात, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत थर पसरत जातात. मग माझी ब्लॉकवाली दोन रनची पद्धत तिथे चालेल का?

टिळकवाडी_ते_पुणे

नाही चालणार, आणि चांगला प्रश्न विचारलास. तिथे थर काठापासून काठापर्यंत जातो म्हणजे खालची कमान वरचा थर पडायच्या आधीच एकसंध झालेली असते, त्यामुळे वजन थरागणिक लावावं लागतं, ब्लॉकागणिक नाही. जॉइंटही साचा लावून पाडलेले नसतात, थरात दर काही उंचीला पत्रा किंवा प्लास्टिकचे तुकडे घालून जागा कमजोर करतात, काँक्रीट निवताना तडा तिथे जावा म्हणून. दक्षिण आफ्रिकेत नेलपोर्ट १९८८ मध्ये आणि वोल्वेडान्स १९९० मध्ये असेच झाले, आणि तडे गेल्यावर ग्राउट करायची सोय आधीच ठेवलेली. चीनमधलं शापाई, १३० मीटरच्या आसपास, त्याला उभे जॉइंट मोजून चार, दोन नेहमीचे आणि दोन असे पाडलेले, आणि २००८ च्या वेंचुआन भूकंपात भरलेल्या तलावासकट ते टिकलं. पण तिथे हवा थंड, काँक्रीट थंडीच्या दिवसांत टाकता येतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये तसं टाकलं तर चार जॉइंटवर भागणार नाही.

तुझ्या थिसिसला हे जोडू नकोस, वेळ पुरणार नाही. एकसंध, दोन रनचं, आणि पाच जॉइंटचं असे तीन प्लॉट एकाच रंगपट्टीवर शेजारी ठेव, रंगपट्टीचे आकडे सारखे ठेव नाहीतर सगळीकडे लाल दिसेल. आणि प्रिन्सिपल स्ट्रेसऐवजी कमानीच्या दिशेतला आणि उभा असे वेगळे काढ.

खानापूर_साइट

आणि रिव्ह्यूत कुणी विचारलं ग्राउट नीट भरलं का कसं कळतं, तर सांग, जॉइंटवरनं आडवं भोक मारून कोर काढत्यात. कोरमध्ये दोन काँक्रीटच्या मधे करड्या सिमेंटची रेघ अखंड दिसली तर भरलं. कधी कधी कोर बाहेर काढतानाच त्या रेघेवर दोन तुकडे होऊन हातात येतोय, तो बी फोटो काढून ठेव म्हणावं कुणाला तरी, ताई म्हणूलैत ते ओढ घेत न्हाई म्हणून, ते तिथं दिसतंय.

शहापूर_एमटेक

दादा, असा फोटो आहे का तुमच्याकडे? असला तर मेसेज करा, साइटचं नाव झाकून वापरतो.